काटा पंचेचाळीसवरच

ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला होता, टॉप गिअर पडलेला होता, खर्डा रोड समोर मोकळा होता, आणि स्पीडोमीटरचा काटा पंचेचाळीसवर येऊन थांबला होता. शेजारी बसलेले अण्णा शांतपणे म्हणाले, "आदी बी एवडीच पळत हुती."

मी काट्याच्या काचेवर बोटाने टकटक करून पाहिलं. कारण त्याच सकाळी आम्ही त्या ट्रकचं क्राऊन-पिनियन बदललं होतं, आणि हिशोबाप्रमाणे गाडी साठला जायला हवी होती.

माझं जामखेडला गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या कामाचं वर्कशॉप आहे. अण्णांचा ट्रक जुन्या पद्धतीचा, नाकवाला, म्हणजे इंजिन केबिनच्या पुढे लांब बॉनेटमध्ये असलेला. उभी हयात त्यांनी त्यावर खडी आणि ऊस वाहिला. धंदा बंद केल्यावर तो विकला नाही. व्हिंटेज गाडी म्हणून नोंदवून घेतला आणि दर आठवड्याला स्वतः धुतला. आता त्यांच्या नातीचं आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याला लग्न ठरलं होतं आणि तिने हट्ट धरला होता की मांडवापर्यंत ती आजोबांच्या ट्रकमधूनच जाणार.

तिची आई, म्हणजे अण्णांची मुलगी वैशाली, कॉलेजात शिकवते. ती आधी एकटीच माझ्याकडे आली होती.

"हायवेवर मागून कंटेनर येतात हो. हे पंचेचाळीसने चालले तर कुणीतरी येऊन धडकेल. स्पीड वाढत असेल तर वाढवा, नाहीतर मी त्यांना नाही म्हणून सांगते."

"तुम्ही सांगाल?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे," ती म्हणाली.

आधी सोप्या गोष्टी पाहिल्या. ब्रेक चाकांना घासत होते, ते मोकळे केले. डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलले. पंप तपासून आणला. गाडी हलकी चालायला लागली, पण स्पीड तेवढाच. म्हणजे इंजिनात दोष नव्हता. गाडी बनवलीच तशी होती.

ते असं असतं. इंजिनची ताकद एका लांब दांड्यातून मागच्या ॲक्सलला जाते. तिथे एक छोटा दातेरी गिअर एका मोठ्या दातेरी चक्राला फिरवतो. छोटा तो पिनियन, मोठं ते क्राऊन. अण्णांच्या ट्रकमध्ये चाक एकदा फिरायला तो दांडा जवळजवळ सात वेळा फिरायचा. खडीने भरलेली गाडी ओढायला हे उत्तम, पण पळायला वाईट. मी पाच फेऱ्यांच्या आसपासची जोडी बसवली. रिकाम्या ट्रकला ती पुरते. इंजिन तेवढंच फिरणार आणि चाकं जास्त फिरणार, इतकं सरळ गणित होतं.

आणि तरी काटा पंचेचाळीसवर.

पुढे चढ लागला. पूर्वी टॉपमध्ये निघणारा तो चढ, आता तिसऱ्या गिअरमध्ये घ्यावा लागला.

"ताई, स्पीड तर वाडला न्हाईच," अण्णा म्हणाले. "वर चढाचा दम बी गेला."

माझ्या डोक्यात काही बसेना. चढावर दम कमी झाला म्हणजे नवी जोडी बसली आहे. मग सपाटीला स्पीड का नाही? इंजिनचा आवाजही अगदी पूर्वीसारखाच येत होता. परत आल्यावर मागच्या ॲक्सलचं हौसिंग उघडलं आणि दाते स्वतः मोजले. बरोबर होते. क्लच घसरतोय का पाहिलं, नव्हता घसरत. टायरचा साईजही तपासला, जो कुणी बदललेला नव्हता. आमच्या मिस्त्रींनी विचारलं, "मॅडम, जुनीच जोडी टाकू का परत?" मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबा. उद्या काय कळणार आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रायल. या वेळी वैशाली तिच्या कारने आमच्या मागे होती. काटा परत पंचेचाळीस. मी वैतागून गाडी बाजूला घेतली. वैशाली खाली उतरली ती हसतच.

"झालं की काम. साठने येत होते मी तुमच्या मागे."

"साठ?"

"साठ. माझ्या मीटरवर."

मी मोबाईलवर स्पीड दाखवणारं ॲप लावलं आणि पुन्हा गाडी काढली. काटा पंचेचाळीस, मोबाईल साठ. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. या ट्रकमध्ये स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या आधीच. मी बदल केला तो तिच्या नंतरच्या टप्प्यावर. चाकं जास्त फिरताहेत, हे काट्याला कळायला मार्गच नव्हता. तो बिचारा जुन्या जोडीच्या हिशोबाने सांगत होता.

अण्णांना समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजी काटा मागं हाय आन गाडी फुडं." अगदी बरोबर समजलं होतं. मग म्हणाले, "आना, परत जाताना मी घेतो."

मी शेजारी बसले. गावाच्या अलीकडे पुलाजवळ एक तीव्र वळण आहे. अण्णांनी तिथे आयुष्यभर काटा तीसवर आणून वळण घेतलेलं. त्यांनी तीसवर आणला. मोबाईल चाळीस दाखवत होता. मी "अण्णा" म्हणेपर्यंत स्टिअरिंग वळलं होतं. ट्रक एका अंगाला झुकला, मागचं चाक डांबर सोडून मुरमात गेलं, आणि त्यांनी ब्रेकवर जवळजवळ उभं राहून गाडी थांबवली. पुलाचा कठडा बॉनेटपासून हातभर लांब होता.

 अण्णांचे हात स्टिअरिंगवरच होते.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले. "तुमी आत्ताच सांगितलं हुतं. तरी हातांनी ऐकलं न्हाई."

वैशाली धावत आली. वडिलांचा चेहरा पाहताच तिने दार उघडून त्यांना खाली घेतलं.

मी म्हटलं, "अण्णा, जुनी जोडी परत टाकते. लवकर निघा, हळू जा."

त्यांनी ट्रककडे पाहिलं. "नको. पोरगी आत बसनार हाय. मागून कुनी ठोकायला नको." मग थोड्या वेळाने, "मला गाडी शिकावी लागंल परत."

आणि ते शिकले. लग्नापर्यंत रोज सकाळी मी मोबाईल घेऊन केबिनमध्ये बसायचे आणि खरा स्पीड मोठ्याने सांगायचे. काट्यावर त्यांनी स्वतःच कागद चिकटवला. पहिले काही दिवस ते वळणाच्या कितीतरी आधी गाडी जवळपास थांबवायचे. हळूहळू अंदाज बसला. त्या वयात एवढ्या चिकाटीने शिकणारा माणूस मी पाहिलेला नाही.

अकोल्याला ते नातीला घेऊन वेळेत पोचले. सपाटीला साठ, शेवटच्या चढांवर तिसरा गिअर, मागे वैशालीची कार.

लग्नानंतर मी अहिल्यानगरच्या एका मीटरवाल्याकडून केबलमध्ये बसणारा छोटा गिअर करून घेतला. आता काटा बरोबर दाखवतो. अण्णांनी एक चक्कर मारली आणि नाराज चेहऱ्याने उतरले.

"आता परत शिकावी लागंल," ते म्हणाले.

तेव्हापासून कुणी स्पीड वाढवून मागितला की मी आधी मीटरचा गिअर मागवते आणि तो येईपर्यंत गाडीला हात लावत नाही. चालवणाऱ्याला मात्र कुठला पार्ट बसवता येत नाही. त्यासाठी लागणारे दिवस मी आता कामातच धरते.