क्लाइव पेनिकटची पाणसळ

क्लाइव पेनिकटने आयुष्याची तेहतीस वर्षं करवतीचे दात कोनात घासण्यात घालवली. टास्मानियाच्या ईशान्येला डोंगरातलं एक छोटं गाव, खाली ओढा, ओढ्यावर लाकडाची गिरणी. गिरणीत लॉयड हेझलवुड ओंडके चढवायचा आणि क्लाइव पाती घासायचा. दात एका अंशाने जरी कलला तर पातं लाकडात भरकटतं. ते क्लाइवला नुसत्या आवाजावरून कळायचं.

गिरणी बंद पडली. काही वर्षांनी जंगलातून सायकलींच्या वाटा निघाल्या, आणि जाड टायरांच्या सायकली घेऊन जगभरातली पोरं गावात येऊ लागली. ती जोरात यायची आणि जोरात पडायची. पडलेल्या सायकलीची फ्रेम वाकली आहे की नाही, हे डोळ्यांना सहसा दिसत नाही. क्लाइवला मात्र तो उद्योग ओळखीचा वाटला. शेवटी तोही कोनाचाच.

घरामागच्या शेडमध्ये त्याने लाकडी जमिनीवर खडूच्या दोन खुणा केल्या, पुढच्या चाकाची आणि मागच्या चाकाची. खुणांवर सायकल उभी करायची, चाकांना पाचरी लावायच्या, वरून ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, सोडायचा आणि दोन कोन मोजायचे. एक हँडलखालच्या नळीचा, दुसरा सीटखालच्या नळीचा. कारखान्याच्या कार्डावरचे आकडे जुळले तर फ्रेमच्या पोटाशी खडूने बरोबरची खूण करायची. समोरून आदळलेल्या सायकलीची हँडलची नळी मागे सरकते, कोन वाढतो. एकदा वाकलेलं ॲल्युमिनियम पुन्हा भार घेईल याचा भरवसा नाही. मोबदल्यात कुणी बिअर आणायचं, कुणी जर्दाळूचा मुरंबा. पडल्यावर पुन्हा वाटेवर गेलेल्याला गावात पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "म्हाताऱ्याचा खडू लागला का?"

शेड ओढ्याकाठी लाकडी खांबांवर उभी होती, आणि ओली जमीन खांबांना स्वस्थ बसू देत नाही. म्हणून दर सप्टेंबरात, हिवाळा सरला की, क्लाइव खुणांवर बुडबुड्याची पाणसळ ठेवून जमीन सपाट आहे ना ते तपासायचा. गेल्या सप्टेंबरात त्याची बायको नॉर्मा दवाखान्यात होती. ऑक्टोबरात ती गेली. क्लाइवने शेडला कुलूप लावलं.

फेब्रुवारीत ते उघडायला लावलं लॉयडच्या मुलीने, टेगनने. ती पर्यटकांना वाटा दाखवायची. त्या आठवड्यात सायकलसकट समोरून एका झाडावर आदळली होती.

"काका, उघड ना. कुलपाला गंज चढेल, आणि तुला पण."

"तुझ्या बापासारखीच जीभ आहे तुझी."

"बापाची जीभ परवडली. सायकल बघितलीस तर म्हणशील डोकं पण त्याचंच."

तिने मुद्दाम आणली होती सायकल, त्याचं मन रमावं म्हणून. क्लाइवला ते कळत होतं. त्याने मोजली. हँडलची नळी पासष्ट अंश, कार्डावरही पासष्ट. सीटची नळी साडेचौऱ्याहत्तर आली. कार्डावर शहात्तर होते. समोरून आदळल्यावर सीटची नळी कधी हलत नाही. आपलाच हात थरथरला असेल, असं त्याला वाटलं. किती महिन्यांत हातात ओळंबा धरला नव्हता. त्याने वहीत शहात्तर लिहिले आणि फ्रेमच्या पोटाशी खडू ओढला.

तीन आठवड्यांनी उंच दगडावरून उडी घेऊन उतरताना टेगन पडली. फ्रेमचे दोन तुकडे झाले होते. कमरेखाली तिचं अंग आता तिचं राहिलं नव्हतं.

आधी फ्रेम तुटली की आधी ती पडली, कुणी पाहिलं नव्हतं. पण फ्रेमला क्लाइवचा खडू लागलेला होता, त्यामुळे चूक टेगनचीच, असं गावाने मनात ठरवूनच टाकलं. लॉयड तर पबमध्ये उघड म्हणायचा, "ब्रेक उशिरा लावला पोरीने. शंभरदा सांगितलं होतं."

ऑगस्टमध्ये, एका करड्या दुपारी, लॉयडने तिला क्लाइवकडे आणलं. तिची चाकांची खुर्ची उतरवून दिली आणि स्वतः गाडीतच बसून राहिला. टेगनने खुर्ची शेडमध्ये आणली आणि बरोबर खुणांवर उभी केली.

"घे, मोज," ती म्हणाली. "ही कुठे वाकली असेल तर सांग."

क्लाइवला हसता आलं नाही.

"एकच विचारायला आलेय, काका. ती उडी मी रोज घेते, झोपेत पण. दर वेळी ब्रेक वेळेवरच लागतो. बाबा म्हणतो, नाही लागला. फ्रेम सरळ होती ना? तू एकदा म्हण, म्हणजे माझी चूक म्हणून मी गप्प बसेन."

क्लाइवने वही काढली. पान सापडलं. पासष्ट, शहात्तर. 'होती' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता.

"अरे," टेगन म्हणाली, "तुझी शेड मला हाकलतेय बघ."

तिचे हात मांडीवर होते. खुर्ची आपली आपण, अगदी सावकाश, मागच्या भिंतीकडे सरकत होती. सायकलींना पाचरी असत, त्या कधी सरकल्या नव्हत्या.

क्लाइवने धावत जाऊन खुर्चीच्या चाकांमागे पाचरी ठोकल्या. मग तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. 'जुनी जमीन आहे' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. टेगन हसली असती, घरी गेली असती, गप्प बसली असती. वही खरी ठरली असती.

त्याने खिळ्यावरची पाणसळ काढली, धूळ पुसली आणि खुणांवर ठेवली. बुडबुडा पुढच्या टोकाला जाऊन चिकटला. पाणसळीच्या मागच्या टोकाखाली त्याने लाकडाची एकेक पट्टी सरकवत नेली. तीन सेंटिमीटर झाले तेव्हा बुडबुडा मध्ये आला.

"दीड अंश," तो म्हणाला.

"काय दीड अंश?"

"जमीन मागे खचलीय. तुझी हँडलची नळी दीड अंश वाकलेली होती, जमिनीने ते खाल्लं. मला पासष्ट दिसले, होते साडेसहासष्ट." त्याने वहीतल्या शहात्तरवर बोट ठेवलं. "सीटच्या नळीने दीड अंश कमी दाखवून सांगितलं होतं मला. मी कार्डावरचा आकडा उतरवला."

बाहेर लॉयडच्या गाडीतला रेडिओ चालू होता.

"म्हणजे ब्रेक लागला होता," ती शेवटी म्हणाली.

"लागला असणार, पोरी."

"पाच महिने, काका. पाच महिने मी स्वतःला शिव्या घालतेय."

क्लाइवने वही मिटली.

"बाबाला तू सांग. मी नाही सांगणार. आणि आधी त्या पाचरी काढ, मला इथून बाहेर पडायचंय."

त्याने पाचरी काढल्या. ढकलायला हात पुढे केला तर ती म्हणाली, "नको."

लॉयडने काच खाली केली. "काय, झाली का तपासणी? आमची हाडं वाकडी की सरळ?"

क्लाइवने गाडीच्या दाराला धरून सगळं सांगितलं, अंश आणि सेंटिमीटरसकट. लॉयडने रेडिओ बंद केला. त्याने क्लाइवकडे पाहिलं नाही, आरशातून मागून येणाऱ्या मुलीकडे पाहिलं.

"मी तिला सगळ्यांसमोर बोल लावला," तो म्हणाला. मग खाली उतरून त्याने टेगनला उचलून आत बसवलं, खुर्ची घडी करून मागे टाकली आणि तो निघून गेला. इतक्या वर्षांच्या दोस्तीत निरोप न घेता तो फक्त त्याच दिवशी गेला. पुढे कधी आलाही नाही.

उजेड होता तोवर क्लाइव शेडखाली सरपटत गेला. मागचा कोपऱ्यातला खांब पायाशी काळा पडला होता. त्याने अंगठा टेकवला तर अंगठा आत गेला, ओल्या पावात जावा तसा. बाकीचे खांब घट्ट होते. हा एकच.

जॅक लावून शेड उचलायची, नवा खांब घालायचा, पाणसळीने जमवायचं. एका माणसाचं दोन तासांचं काम होतं, गेल्या सप्टेंबरात राहून गेलेलं.