पेन्सिलीने लिहिलेला एक

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, स्टाफरूममध्ये नाही. सांगण्यासारखे प्रसंग आले, दोनदा-तीनदा आले — आणि मी विषय बदलला. विषय बदलण्यात माझा हात चांगला आहे. ते पुढे कळेलच.

आधी ते दिवस सांगते, कारण ते दिवस खरंच भारी होते. महाडच्या आमच्या शाळेत नववीपासून व्यवसाय विषय सुरू होणार होते. ऑटोमोबाईल आणि ब्युटी. ते उभं करायचं काम माझ्याकडे आलं. मी गणिताची बाई, वीस वर्षं तीच प्रमेयं शिकवलेली — आणि अचानक माझ्या ताब्यात एक वर्कशॉप! टेम्पोतून इंजिन आलं, आतले पिस्टन दिसावेत म्हणून एका बाजूने कापलेलं. आठवीचे तिन्ही वर्ग रिकामे झाले. आमचा शिपाई ओरडत होता, "अरे सरका रे, इंजिन हाय, नवरी नाय!" मी स्वतः हँडल फिरवून पिस्टन वर-खाली करून पाहिला. चारदा. सव गावची, पोलादपूरच्या वरच्या गावांतली मुलं, जी तास संपायच्या आधी एसटीच्या वेळा मोजतात, ती त्या दिवशी हलायला तयार नव्हती. मला रात्रभर झोप आली नाही, इतकी मी खूश होते.

मग विषयनिवडीचे फॉर्म. दोन चौकटी — पहिली पसंती १, दुसरी २. खाडाखोड नको म्हणून आमच्याकडे एक पद्धत होती: मुलांनी आकडे पेन्सिलीने घालायचे, घरून पालकांची सही आणायची, आणि मग मी ते आकडे पेनाने गिरवायचे. पद्धत माझीच. मला तिचा अभिमान होता.

ऑटोमोबाईलला एकाच मुलीने १ घातला होता. रेहाना. तिचे अब्बा बरीच वर्षं सौदीत मेकॅनिक होते, परत येऊन त्यांनी हायवेला गॅरेज टाकलं. फॉर्म द्यायला ते स्वतः आले होते. म्हणाले, "मॅडम, हिला लहानपणी खेळायला मी पानेच दिलेले. भावली हिने मागितलीच नाय." आणि हसले. सहीशेजारी, बरोबर ऑटोमोबाईलच्या चौकटीवर, ऑइलचा अंगठा उमटला होता.

आता येते त्या गोष्टीवर — येतेच आहे.

ब्युटीची तुकडी सुरू व्हायला वीस जण लागत होते, मुली किंवा मुलगे. माझ्याकडे एकोणीस मुली होत्या. वीस झाले नाहीत तर तो विषय जाणार, आरसे आणि खुर्च्या आलेल्या तशाच परत जाणार. मला दोन्ही हवे होते. एकोणीस मुलींचं नुकसान होऊ नये म्हणून — असं मी तेव्हा स्वतःला म्हटलं. पण ऑटोमोबाईलच्या मुलांकडे मी का वळले नाही? व्यवसाय विषयच न घेतलेल्या एखाद्या मुलीला बोलावून का विचारलं नाही, "येतेस का गो?" दोन मिनिटांचं काम. मी विचारलं नाही. खोडरबर घेतलं, रेहानाचा १ पुसला, २ पुसला, उलटे घातले आणि पेनाने गिरवले. आकडे छान आले. ऑइलचा डाग तेवढा गेला नाही.

यादी लागली. रेहाना माझ्यासमोर उभी राहिली. मी म्हणाले, "घरून सही होऊन आला तेव्हा फॉर्मवर असंच होतं." ती वर्गात परतली. दुसऱ्या दिवशी तिचे अब्बा आले. त्यांना मी म्हणाले, "जागा भरल्या हो." ते "बरं बरं" म्हणून गेले, मुलीला तसंच सांगितलं. पण वर्कशॉपच्या खिडकीतून रेहानाला दोन रिकामी स्टुलं रोज दिसत होती. मग खोटं कोण बोललं? तिच्या हिशेबाने, बाप.

आणि खरी गोष्ट ही — मी तिचाच फॉर्म का निवडला, हे मला माहीत होतं. मुसलमान बापाने मुलीला गॅरेजचं काम शिकू दिलं नाही, यावर सगळे पटकन विश्वास ठेवतील. कोणी चौकशी करणार नाही. झालंही तसंच. स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, "त्यांच्यात तसंच असतं." मी वही तपासत होते. मान वर केली नाही.

रेहानाचं आता तळ्याच्या बाजूला पार्लर आहे. उत्तम चालतं. त्याने काय बदलतं? ती गॅरेजवर पाय ठेवत नाही, हे मी ऐकून आहे.

यंदा आमच्याकडे चार विषय झालेत. हेल्थकेअर आहे, पर्यटन आहे, वर्कशॉपमध्ये विजेवर चालणारी स्कूटर आली आहे — अजूनही पहिल्यांदा मीच चालवून बघते! फॉर्म आता पेनाने भरून घेते. का, ते कोणी विचारलेलं नाही. मागच्या शनिवारी रेहाना धाकट्या बहिणीचा, सनाचा फॉर्म घेऊन आली. ऑटोमोबाईलपुढे ठळक १. खाली सही रेहानाची.

"पालकांची लागते," मी म्हणाले.

"अब्बांकडे नाय न्यायचा, बाई. ते परत तेच करतील."

तिथे बोलता आलं असतं. समोर ती होती, फॉर्म होता, कपाटात जुनी फाईल होती. मी म्हणाले, "मी बघते."

दुपारी फॉर्म घेऊन मीच गॅरेजवर गेले. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, वाचलं. चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. सही करता करता त्यांनी विचारलं, "या टायमाला जागा हाय ना मॅडम?"

"आहे," मी म्हणाले.

तेव्हाही होती. ती मी पुसली.