ओकादा-सानचं ‘चोत्तो’

मार्चच्या सुरुवातीला ओकादा-सानच्या गोठ्यात बारा गाई होत्या आणि मुरघासाचे, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या गवताचे, अकरा रोल. रोज जवळजवळ एक रोल लागायचा. नवं गवत मेमध्ये. माझ्या स्प्रेडशीटमध्ये मात्र चारा मेअखेरपर्यंत पुरत होता.

मी जपानमध्ये, त्सुकुबात चारा-नियोजनाचं काम करतो. मांसासाठी वासरं तयार करणाऱ्या छोट्या गोठ्यांना हिवाळ्याचा हिशोब करून देतो. चाऱ्यातलं पाणी वजा केलं की उरतो तो ड्राय मॅटर. गाईचं पोट त्यावरच भरतं.

आदल्या उन्हाळ्यात पहिल्या कापणीचं गवत चांगलं सुकलं होतं, त्याचं सॅम्पल मी तपासलं. दुसरी कापणी पावसात सापडली. रोल वजनाला जड भरले, मी खूश झालो. साठीतले ओकादा-सान रोलच्या पांढऱ्या प्लॅस्टिकवर हात ठेवून म्हणाले, “कोरे वा, चोत्तो...” आणि थांबले.

कोरे वा म्हणजे हे, चोत्तो म्हणजे थोडं. पहिल्याच धड्यात असतं.

“थोडं कमी पडेल? मग पाच टक्के मार्जिन वाढवतो!” मी म्हणालो.

ते हसले. मान हलवली.

संध्याकाळी माझ्या बॉसनी, मोरी-साननी विचारलं, “दुसऱ्या कापणीचं मॉइश्चर घेतलं ना?”

“हो,” मी म्हणालो. घेतलं नव्हतं. पहिल्या कापणीच्या ओलाव्याचाच आकडा स्प्रेडशीटमध्ये खाली ओढला होता.

मार्चमध्ये शेजाऱ्याकडून भाताचा पेंढा आणला. तोही सगळ्यांना पुरेना. तीन म्हाताऱ्या गाई ओकादा-साननी ट्रकमध्ये चढवल्या. त्यातली सुझु त्यांच्या बायकोच्या हातून बाटलीनं दूध पिऊन वाढलेली. बाई बाहेर आल्या नाहीत. गाई कुठे जाणार हे मी विचारलं नाही. माहीत होतं.

मीटिंगमध्ये मोरी-साननी कारण विचारलं. मी म्हणालो, “विंटर लांबला.”

ओकादा-सान शेजारीच बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “हो, थंडी होती खरी.”

रिपोर्टमध्ये तेच गेलं. चार वर्षं झाली. गेल्या आठवड्यात मोरी-सानना खरं सांगितलं, मग ओकादा-सानना फोन केला.

“ओले होते रोल,” ते म्हणाले. “मी म्हणालो होतो तुम्हाला.”

म्हणाले होते. इथला माणूस वाक्य अर्धं सोडतो, तेव्हा ते पूर्ण झालेलं असतं. आता मी प्रत्येक कापणीचा रोल फोडून आत हात घालतो. हात ओला झाला, की आकडा बदलतो.