कोठीचं आवार

पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेपासून थोडी आत, एका जमीनदाराची शिकारकोठी आहे. त्या घराण्यातले लोक हिवाळ्यात वाघ मारायला यायचे. बाकी वर्षभर तिला कुलूप. शिकार बंद झाली, घराणं पुण्याला गेलं, दारं-खिडक्या गावात गेल्या. मधे काही वर्षं तिथे खताची पोती होती, नंतर शेळ्या. इतक्या वर्षांत त्या वास्तूला लाभलेले उपयोगी रहिवासी म्हणजे या शेळ्याच.

तिच्यापुढचं फरसबंदी आवार मात्र आमच्या बंजारा तांड्याच्या कामाचं होतं. पक्की जागा तेवढीच. सोयाबीन निघालं की सगळे तिथे वाळवायचे. बाप मोर्चांतून पत्रकं आणायचा. ती मी तिथे राखणीला बसून वाचली. जमीनदारांविषयी त्यांत लिहिलेलं पटवून घ्यायला कोठीकडे मान वळवली की पुरे व्हायचं.

गेल्या वर्षी वारस उगवला. तागाचा कुर्ता, गळ्यात कॅमेरा. कोठीचा 'हेरिटेज स्टे' करणार होता. "तुम्ही लोकांनी ही वास्तू जपलीत," तो म्हणाला. जपली! तिचे वासे आम्ही चुलीत घातले होते.

आठवड्यात आवाराला फाटक लागलं. तांड्यानं सोयाबीन हायवेच्या कडेला पसरलं. याडी, म्हणजे माझी आई, दिवसभर लाल फडकं हलवत ट्रक बाजूला काढत उभी. एक ट्रक तिला जवळजवळ घासून, राशीच्या कडेवरून गेला.

दुसऱ्या दिवशी वारसानं तिथेच गाडी थांबवली.

"मावशी, पहिले पाहुणे येताहेत. थोडं सोयाबीन आवारात पसरा ना. आणि तो तुमचा आरशांचा घागरा घालून बसा. फोटो फार सुंदर येतील."

"थोडं म्हंजे किती जी?"

"एखादं पोतं."

"अन् बाकीचं?"

"ते असू द्या इथंच."

याडीनं त्याला खालून वर पाहिलं. "मालक, तुमच्या आज्यानं मेल्या वाघावर पाय ठेऊन फोटो काढलता. तुमाले आता जित्ती बाई पायजे काय?"

"किती गोड भाषा आहे तुमची!" तो खरोखर खूश होऊन हसला. पिढ्यान्‌पिढ्या कुणी तोंडावर बोललं नाही की शिवीसुद्धा लोकगीतासारखी ऐकू येत असावी.

"सरका आता," याडी म्हणाली. "पाय सोयाबीनवर पडला तुमचा."

तो सरकला. बुटाखालचे फुटके दाणे तिनं वेचून वेगळे केले आणि फडकं घेऊन पुन्हा रस्त्यावर उभी राहिली. कोठीत पाहुणे आले. आवारात त्यांनी खुर्च्या टाकल्या. तांड्यातलं कुणी गेलं नाही.