बासष्ट किलोंचं पोतं

रोज संध्याकाळी पाच वाजता आमच्या डोक्यावर, गच्चीत, ओलं पोतं ओढल्याचा आवाज व्हायचा. आधी फरफट, मग धप्प, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि पुन्हा फरफट. ईरा, निहार, मागच्या खेपेला ज्या प्लायवूडच्या सांगाड्यावर बसून तुम्ही घोडाघोडा खेळलात, तो कोणाचा, असं तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर ते मला सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. ज्यांचा होता, ते गेल्या थंडीत गेले.

समोरच्या दारातले गजभिये पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झाले होते. मूळचे भंडाऱ्याकडचे. पुण्यात तीस वर्षं काढूनही बोलण्यातलं ‘जी’ त्यांनी सोडलं नव्हतं. पेन्सिलीला टोक काढलं की कचरा कागदात गुंडाळून खिशात ठेवत; जिन्यात कधी कण सांडला नाही. असा माणूस मला आवडणारच.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रशांत तुमच्या बाबांच्या वर्गातला. हडपसरच्या शेतांत काचेच्या इमारती उठायला लागल्या, तेव्हा त्यातल्या एकीत त्याला नोकरी लागली. तुमचे बाबा अमेरिकेला गेले. हा आईवडिलांजवळ राहायचं म्हणून थांबला. ऑफिसच्या सहलीत तो एका धरणाच्या पाण्यात उतरला आणि दमून बुडाला. काठावर चाळीसेक जण होते. त्याचा हात बराच वेळ दिसत होता म्हणे. तिथवर पोहत जाणारं कोणी नव्हतं, आणि पलीकडच्या गावातली वल्ह्याची होडी पोचली तेव्हा हात दिसेनासा झाला होता.

दीडएक महिन्यानं गजभिये आमच्याकडे आले. हातात चकचकीत माहितीपत्रकं.

“बाई, मी वॉटर स्कूटर घेऊन राहिलो.”

मी इंग्रजीची शिक्षिका, सगळे मला बाईच म्हणत. म्हणजे पाण्यावर पळणारी मोटरसायकलच. दुःखानं यांचं डोकं फिरलं, असंच मला वाटलं.

“हौस नाही जी. दर रविवारी त्याच काठावर उभी ठेवायची. पुन्हा कोणाचा हात दिसला तर निघायचं. फक्त कोणती घ्यायची, ते चुकायला नको. आकडे मला समजतात. इंग्रजीतली बढाई तेवढी तुम्ही वाचून सांगा.”

मुंबईहून एक विक्रेता आला, टाय लावून, गाड्यांच्या फोटोंचा अल्बम घेऊन. आमच्याच बैठकीत बसला. वेग, रंग, आरसे, सगळं सांगून झालं. गजभिये शांतपणे ऐकत होते.

“मागच्या बाजूनं बेशुद्ध माणूस वर ओढून घेता येतो का?”

“सर, ही एन्जॉयमेंटसाठी असते. हिच्यावर तिघं आरामात बसतात.”

“त्या तिघांतला एक आडवा असला तर?”

त्या बिचाऱ्यानं अल्बम मिटला. पाणीही न पिता गेला.

मग गजभियेंनी त्याचं उत्तर स्वतःच शोधायचं ठरवलं. माहितीपत्रकातली मापं घेऊन गच्चीत खडूनं दोन गाड्या खऱ्या आकारात आखल्या, एक हलकी आणि एक तिघांची. प्लायवूडचे मागचे भाग बनवले, पाण्यापासून जितके उंच असतील तितकेच उंच. हलकी गाडी पाण्यात डोलते तशी डोलावी म्हणून तिच्याखाली गोल पिंप आडवं घातलं. एका पोत्यात वाळू भरली आणि टाकीच्या पाण्यानं ते भिजवलं, कारण बुडणाऱ्याचे कपडे ओले असतात. मग गुडघे टेकून ते पोतं वर ओढायचे.

“किती वजन आहे हे?” मी विचारलं.

“बासष्ट किलो.”

“बासष्टच का?”

“कंपनीनं त्याला नोकरीवर घेताना तपासणी केली होती ना. कागद आहे माझ्यापाशी.”



सोसायटीच्या चिटणिसांनी फळ्यावर लिहिलं : ‘गच्चीवर पाणी सांडू नये. गच्ची म्हणजे धरण नव्हे.’ मी त्यांना पाचच्या सुमारास वर घेऊन गेले. दारातूनच त्यांनी पाहिलं, खाली आले आणि स्वतःच्या रुमालानं फळा पुसला.

अडचण अशी होती : हलकी गाडी एकट्याला पाण्यात ढकलता यायची, पण पोतं अर्ध्यावर आलं की उलटायची. गजभियेंची कोपरं त्यानं सोलून निघाली होती. तिघांची जड गाडी स्थिर, पण चिखलातून ती पाण्यात लोटायला दोन माणसं हवीत. आणि गजभिये होते एकटे. सुशीलाताई, त्यांच्या पत्नी, गच्चीत पाऊलही टाकत नव्हत्या. एकदा भाजी निवडताना माझ्याजवळ एवढंच म्हणाल्या, “तो येणार आहे का त्या गाडीवर बसून परत?”

तेव्हा मी सुचवलं, की विक्रेत्याला पत्र लिहू; हलक्या गाडीला मागे आधार जोडता येईल का, ते लेखी कळवू दे. गजभियेंनी मसुदा आणला. मी तो तीनदा परत केला. एकदा परिच्छेद चुकले होते, एकदा भाषा भावुक होती, एकदा खाडाखोड. तुम्हाला मी नेहमी सांगते, पुन्हा वाचा आणि मगच पाठवा. ते बरोबरच आहे. पण ते पत्र मी पहिल्याच दिवशी टाकायला हवं होतं. किंवा पत्राचं नावच काढायला नको होतं.

उत्तराची वाट पाहण्यात पाच आठवडे गेले. एका सोमवारी सकाळी गजभियेंनी माझ्या टेबलावर वर्तमानपत्र ठेवलं. तेच धरण, तोच काठ. या वेळी एक मुलगी.

“आपल्या पत्राचं उत्तर आलं का जी?” त्यांनी विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. गाडी काठावर असती तरी काय झालं असतं, कोण जाणे. पण ती नव्हती, आणि त्यात माझा हात होता.

त्या संध्याकाळी पाचला मीही वर गेले, क्षमा मागायला. गजभिये पोत्याशी झटत होते, दर खेपेला हात सुटत होता. थोड्या वेळानं जिन्यात चपला वाजल्या. सुशीलाताई पदर खोचून आल्या आणि त्यांनी पोत्याचं दुसरं टोक धरलं.

“उचला.”

पोतं वर आलं. त्या तिथेच धापा टाकत बसल्या.

“कोणत्या गाडीला दोन माणसं लागतात?”

“तिघांची आहे ती. जड.”

“मग तीच घ्या.”

अशी ती निवड झाली. विक्रेत्याचं उत्तर त्यानंतर आलं. नवीन दोन रंग उपलब्ध असल्याचं त्यात कळवलं होतं.

परवानगीचे खेटे झाले. काठच्या गावात एका गोठ्यात गाडीला जागा मिळाली. दर रविवारी पहाटे दोघं स्वारगेटहून बस धरत, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. दिवसभर ती दोघं म्हातारी माणसं लाईफ जॅकेट घालून पाण्याकडे तोंड करून बसलेली असत. सहलीला आलेले तरुण विचारत, “काका, एक राऊंड कितीला?”

“बुडलात तर फुकट,” गजभिये म्हणत.

दोन वर्षं कोणालाच त्यांची गरज पडली नाही. गच्चीतला पाचचा सराव मात्र रोज चालू होता. तिसऱ्या उन्हाळ्यात पडली. हाक ऐकली, दोघांनी गाडी लोटली, गजभिये गेले आणि एका मुलीला घेऊन आले. जिवंत. ती दोघं संध्याकाळी तशीच चिखलानं माखलेल्या कपड्यांनी आमच्या स्वयंपाकघरात आली. मी चहा टाकला.

“ती खोकली, डोळे उघडले,” सुशीलाताई सांगत होत्या, “आणि यांनी तिला पहिलं काय विचारलं माहिती आहे? वजन! पोरगी घाबरली. म्हणे, अठ्ठेचाळीस.”

गजभिये दारातच उभे होते. फरशी मळेल म्हणून आत येत नव्हते.

“हलकी होती बाई,” ते म्हणाले. “फार हलकी होती जी. हातात कधी आली, समजलंच नाही.”

“अहो, जीव वाचला एक.”

“हो ना जी.” त्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहत राहिले.

मला वाटलं, आता ते पोतं रिकामं करतील. दुसऱ्या दिवशी मी घड्याळाकडे पाहत बसले होते. पाच वाजले. वर आधी फरफट झाली, मग धप्प. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि पुन्हा फरफट.