लहान टोपीच्या पुंगळ्या

माझ्या नवऱ्याला पितळ कळायचं, घरची माणसं कळायची नाहीत. म्हणजे माझीच माणसं, माहेरची. आता बोलायला बसलेच आहे तर सगळं सांगते, मध्ये कुणी मला गप्प करू नका.

मी जमिला, कल्हईवाल्याची पोर. राजापूरकडे आमच्या गावात अब्बांची भट्टी होती. हुसैनमियाँ त्यांच्याच हाताखाली भाता ओढत मोठे झाले आणि मग त्यांचे जावई झाले. माझा भाऊ नूरुद्दीनही त्याच भट्टीवर शिकला. पुढे घरोघरी स्टीलची भांडी आली, मग कल्हई कोण करून घेणार? एक्क्याण्णव साली हे मस्कतला आले, तिथल्या गाला नावाच्या भागात एका वर्कशॉपात लेथवर लागले. मागाहून मी आले. शेडच्या पाठीमागेच आमची खोली. एसी सुरू केला की भिंत थरथरायची.

आमचा अर्बाब, म्हणजे मालक, मनानं मोठा, पण डोकं गरम. त्याला नेमबाजीचा भारी नाद. डोंगराच्या पायथ्याशी परवाना काढून त्यानं स्वतःची रेंज बांधली होती. विकतच्या काडतुसांवर त्याचा भरवसा नव्हता. झाडलेली रिकामी पुंगळी साफ करायची, बुडाची जळकी टोपी काढून नवी बसवायची, दारू मोजून भरायची आणि वर गोळी दाबायची, हा सगळा कारभार त्याला घरचाच हवा होता. पुंगळी पडली पितळेची. मग ते काम हुसैनमियाँशिवाय कुणाकडे जाणार?

पहिल्याच दिवशी वाद झाला. टोपी म्हणजे प्रायमर, बंदुकीची सुई आपटली की ठिणगी पाडते ती. एकाच मापाच्या दोन तऱ्हेच्या पुंगळ्या आल्या होत्या, एक मोठ्या टोपीची, एक लहान टोपीची. अर्बाबला मोठी हवी होती, कारण त्याचे सगळे दोस्त मोठीच वापरत होते. हे म्हणाले, "अर्बाब, लहान टोपीला भोक लहान, बुडाला पितळ जास्त. इथल्या गरमीत दारू जोर करते. तो जोर बुडानंच सोसायचा आहे."

"ठीक," अर्बाब म्हणाला. "लहान तर लहान. पण काही झालं, हुसैन, तर तुझ्या मानेवर."

हे हसले. मला ते शब्द खटकले होते, तसं रात्री बोललेही. तर म्हणतात कसे, "काय गो तू, बोलण्याची एक रीत असते!"

कित्येक वर्षं सगळं सुरळीत गेलं. मी तांदूळ निवडायची, हे समोर बसून पुंगळ्या निवडायचे. पुंगळी पुन्हापुन्हा वापरली की तिची मान, म्हणजे गोळी बसते ते तोंड, कडक होते, चिरते. म्हणून मानेला आच द्यावी लागते, पण फक्त मानेला. हे परातीत पाणी घेऊन पुंगळ्या उभ्या करायचे, बूड पाण्यात, मान वर, आणि मग ज्योत फिरवायचे. "बूड कडकच राहिलं पाहिजे जमिला," ते सांगायचे. "ते मऊ पडलं तर सगळी आग झाडणाऱ्याच्या तोंडावर." आणखी एक त्यांचा नियम होता. नवीन भरलेल्या मालातली पहिली गोळी स्वतः झाडायची, मगच पेटी अर्बाबच्या हातात.

दोन हजार दोनच्या हिवाळ्यात नूरुद्दीन आला. गावात भट्टी विझलेली, पदरात चार मुली. ह्यांनी अर्बाबच्या हातापाया पडून त्याचा व्हिसा काढला. अर्बाबनं स्पष्टच सांगितलं, "तुझा मेहुणा आहे म्हणून ठेवतो. एक चूक, आणि यल्ला, विमान." नूरुद्दीन कामाचा वाईट नाही हो. पण त्याला वाटायचं, जे अब्बांच्या भट्टीवर शिकलो त्याच्यापुढे दुनियेत शिकण्यासारखं काही नाही.

तो आला त्याच आठवड्यात हे तापानं फणफणले. शुक्रवारी अर्बाबचे पाहुणे यायचे होते, त्यांच्यापुढे त्याचा मुलगा नबील नेम मारून दाखवणार होता. गुरुवारी नूरुद्दीन म्हणाला, "भावजी, तुम्ही पडून राहा. पुंगळ्या मी तयार करतो." दुपारी मागच्या अंगणातून चिंचेचा वास आला. पितळ घासताना येतो तो, आमच्या घरचा वास. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळी हे शाल पांघरून उठले. पुंगळ्या सोन्यासारख्या झळकत होत्या. "वा रे नूरुद्दीन!" म्हणाले. शुक्रवारच्या पेटीपुरत्या टोप्या त्यानं आधीच बसवून ठेवल्या होत्या. ह्यांनी नुसती दारू भरली, गोळ्या दाबल्या आणि अंथरुणावर पडले ते सकाळी ऊन वर आलं तरी उठेनात. नबील येऊन पेटी घेऊन गेला. पहिल्या गोळीसाठी कोण कशाला थांबतंय?

जाग आली तेव्हा ताप उतरला होता. मी पेज दिली. ती पिता पिता ह्यांनी बिनटोपीच्या उरलेल्या पुंगळ्यांत टोप्या बसवायला घेतल्या. पहिली टोपी दाबली आणि त्यांचा हात थांबला. दुसरी दाबली. मग पुंगळी माझ्यापुढे धरली. टोपी जाताना घट्ट लागायला हवी, ही लोण्यात बोट जावं तशी आत गेली. मी अंगणात पाहिलं. परात कोरडीच भिंतीला टेकलेली होती आणि शेगडीत कोळशाची राख. मी कल्हईवाल्याची पोर, मला वेगळं सांगायला नको. भांडं कल्हईला घेतलं की ते बुडापासून काठापर्यंत एकसारखं तापवायचं असतं. माझ्या भावानं पुंगळ्या तशाच भाजल्या होत्या, अख्ख्या, जीव ओतून. आणि वर चिंच लावून भाजल्याचा डाग पुसून टाकला होता.

"या अल्ला," मी म्हटलं. "नूरुद्दीननं..."

"त्याचं नाव काढायचं नाही," हे म्हणाले. "चार मुली आहेत त्याला. कुणापुढे नाही, त्याच्यापुढेही नाही." आणि अनवाणीच पळत सुटले.

मी मागून धावले. रेंज लांब नव्हती, पण धाप लागून माझा जीव जायची वेळ आली. वाटेत गोळीचे दोन आवाज ऐकले. दोन्ही वेळेला मी जागच्या जागी थिजले. कुंपणापाशी पोहोचले तेव्हा नबील बंदुकीशी नेम धरून पालथा पडलेला होता, धडधाकट, आणि हे अर्बाबपुढे हात जोडून उभे.

"ये गोली नहीं मारना, अर्बाब. गलती मेरी है. पितळ खराब है."

पाहुणे बघत होते. अर्बाबचा चेहरा लाल झाला. "लहान टोपी तूच निवडलीस. भरलंस तू. आज माझ्या पाहुण्यांसमोर खराब म्हणतोस? दोन झाडल्या त्यानं, काय झालं?"

"कुछ नहीं होगा, चाचा," नबील हसून म्हणाला आणि परत डोळा लावला.

सांगायला हवं होतं! मेहुण्यानं अख्ख्या भाजल्या, एवढं एक वाक्य. ते बोलले असते तर अर्बाबनं ऐकलं असतं, पेटी फेकून दिली असती. मी कुंपणाची जाळी धरून ओरडले, "अहो, सांगा ना!" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नबीलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, पहली गोली मेरी होती है. तुमको मालूम है ना?"

नबीलला तो नियम लहानपणापासून ठाऊक होता. तो बाजूला सरकला, हे त्याच्या जागी पालथे पडले आणि चाप ओढला.

आवाज वेगळाच आला, फुटका. हे बंदुकीवरून बाजूला कलंडले आणि चेहऱ्यावरचे हात काही केल्या काढेनात.

उजवा डोळा गेला. अर्बाब इस्पितळात येऊन त्यांच्या उशाशी बसून रडला, खोटं कशाला बोलू. त्यानं ह्यांना परत पाठवलं नाही, स्टोअरमध्ये बसवलं. पुंगळ्यांचं काम नूरुद्दीनकडे गेलं. ह्यांनीच त्याला शिकवलं, परातीत पाणी घे, बूड बुडव, मान तेवढीच भाज. का, ते सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. त्याला वाटलं, भावजींची एक पद्धत आहे.

त्याच्या मुलींची लग्नं झाली. इथंच मस्कतात, वादी अदाईत, त्यानं मोठी जागा घेतली. ईदला आम्हाला बोलावतो, चार माणसं जमवतो आणि सगळ्यांत ह्यांच्या डोळ्याची गोष्ट निघतेच. गेल्या ईदलाही निघाली.

"भावजींचा हात तापात चुकला," नूरुद्दीन सांगत होता. "दारू जास्त पडली असणार. माझ्या हातची बघा, इतक्या वर्षांत एक तरी फुटली का?"

मी हातातली वाटी खाली ठेवली. मी तोंड उघडलं. हे माझ्या उजव्या बाजूला बसले होते, त्यामुळे त्यांचा चांगला डोळा माझ्यावरच होता.

"जमिला," ते म्हणाले, "नूरुद्दीनला खुर्मा वाढ."

आणि मी वाढला.