परळ ते फणसवाडी, टॅक्सीत तिरकं बसून

या ब्लॉगवर आजवर लांबलांबचे प्रवास लिहिले. हा सगळ्यात छोटा. परळच्या हॉस्पिटलपासून गिरगावातल्या फणसवाडीपर्यंत, रस्ता मोकळा असेल तर अर्धा तासही लागत नाही. पण एवढी टरकली माझी कधीच नव्हती, घाटात बाईकचा ब्रेक लागेना तेव्हासुद्धा नाही.

शमिका लालबागची. मला ती आवडते हे अख्ख्या लालबागला माहीत आहे. तिलाही आहे, पण ती त्यावर बोलत नाही. तिच्या बाबांनाही आहे, आणि मी इंजिनिअरिंग मध्येच सोडलं हेही आहे, म्हणून ते माझ्याशीच बोलत नाहीत.

तिच्या गळ्यातल्या थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि नंतर किरणोत्सारी आयोडीनचा डोस द्यायचं ठरलं. त्याआधी काही आठवडे मासे बंद, आयोडीनचं मीठ बंद. मालवणी घरात मासे बंद म्हणजे सुतकच. बिनआयोडीनच्या मिठासाठी मी दादरचं मार्केट पालथं घातलं. प्रत्येक पाकीट ‘आयोडीनयुक्त’ म्हणून मिरवत होतं. कुणावर ही वेळ आली तर पाकीट आधी डॉक्टरांना दाखवा. माझी दोन नापास झाली, तिसरं पास.

खरी अडचण डोसनंतरची. थोडे दिवस पेशंटच्या अंगातून किरणं बाहेर पडतात, त्यामुळे सगळ्यांपासून लांब राहायचं, गरोदर बायका आणि लहान मुलांपासून तर फारच लांब. ताटवाटी वेगळी, दुसऱ्या कुणासाठी रांधायचं नाही. शमिकाचं घर दोन खोल्यांचं आणि त्यात वहिनीचं तान्हं बाळ. मी म्हटलं, माझ्या मामाची फणसवाडीतली खोली रिकामी आहे, मामा विरारला गेलाय.

“आणि तू खय रवतलंस?” काकांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, विचारलं. वर्षभरातलं माझ्याशी पहिलं वाक्य.

“माझ्या घरी. फणसवाडीपासून दोन गल्ल्या सोडून.”

“बरा. पण थय कोणाक काय सांगाचा नाय. माका तिचा लगीन करूचा आसा.”

निघालो

डोसनंतरचा डिस्चार्ज दुपारी मिळाला. बस नको, शेअर टॅक्सी नको, एकटीची टॅक्सी करा, असं हॉस्पिटलात बजावलं होतं. दीडशे रुपयांच्या आसपास होतात. ड्रायव्हर पुढे उजवीकडे, म्हणून ती मागे डाव्या कोपऱ्यात, तिरकी. तेवढंच जास्तीत जास्त अंतर.

“मॅडम, बीच में बैठो ना आराम से,” ड्रायव्हर म्हणाला.

“नको भैया, खिडकी पाहिजे मला,” ती म्हणाली.

मागून माझी बाईक, आणि बाईकवर मागे काका. आमच्यात त्यांनी पिशवी ठेवली होती.

लालबागला पुलाखालच्या सिग्नलला टॅक्सी थांबली, नेमकी तिच्या गल्लीच्या तोंडाशी. समोरच्या फुटपाथवर तिची आई उभी होती, बाळाला मुद्दाम घरी ठेवून आलेली. पुढे आली नाही. हात वर केला, तसाच ठेवला. शमिकाने काच खाली केली नाही. सिग्नल सुटला आणि काकांनी माझा खांदा एवढा घट्ट धरला की भायखळ्यापर्यंत मला क्लच दाबताना दुखत होतं.

फणसवाडी

लाकडी जिना, लांब गॅलरी. मी खोलीच्या दारापासून लांब स्टूल टाकून बसायचो. ती आत, मी बाहेर, आणि आम्ही फोनवर बोलायचो.

“तू रोज इथे का बसतोस रे?”

“हवा चांगली आहे.”

“गटार आहे खाली.”

शेजारी केळकर काकू. दुसऱ्या दिवशी त्या वाटीभर शिरा घेऊन आल्या. “पाहुणीचं ऑपरेशन झालंय म्हणे. तोंडाला चव येईल.” मी वाटी घेतली, छान हसलो, आणि तेवढ्यात त्यांची लेक अनघा बाहेर आली. सातवा महिना. बाळंतपणाला माहेरी आलेली. डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं होतं, आणि चालायला जागा एकच होती, ही गॅलरी.

ती आमच्या दाराकडे वळली की मी उठून आडवा व्हायचो. “ताई, फरशी ओली आहे.” पुढच्या फेरीला, “ताई, इकडे उंदीर निघालाय.” ती माझ्याकडे बघायची, ही काय भानगड आहे अशी.

रात्री शमिकाचा फोन. “भिंतीपलीकडे ती खोकते ते ऐकू येतं मला. पलंग ओढून घेतला या बाजूला. आपण सांगूया ना त्यांना.”

“काका नको म्हणालेत. आणि हाकललं तर जाणार कुठे तू?”

तिने फोन ठेवला.

वाटी

तिसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी, लाळ सुटत राहावी म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या, लिंबाच्या गोळ्या आणायला खाली गेलो होतो. वर आलो तर काका येऊन निघून गेलेले, आणि दाराबाहेरच्या फळीवर धुऊन ठेवलेली काकूंची वाटी गायब. माझ्या डोक्यात एकदम लख्ख. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. शमिकाने भरली असणार. तिच्या हाताने.

मी धावलो. केळकरांचं दार उघडंच होतं. अनघाच्या हातात अर्धा लाडू, अर्धा तोंडात.

“थुंका! थुंका ते!” मी वाटीवर झडप घातली. लाडू जमिनीवर गडगडले. “तिला किरणोत्सारी औषध दिलंय, तिने हात लावलेलं खायचं नाही!”

अनघा पांढरी पडली. तिचा हात पोटावर गेला.

“बाबांनी भरली वाटी,” मागून आवाज आला. शमिका तिच्या दारात होती, तिथूनच बोलत होती. “लाडू आईने लालबागला केलेत. माझा हात लागलेला नाही. वाटीसुद्धा मी धुतली नाही, यानेच धुतली. शिराही यानेच मला वेगळ्या ताटलीत दिला होता.”

मग काकू माझ्याकडे वळल्या.

“माझी मुलगी तीन दिवस या दारावरून फेऱ्या मारतेय, आणि तू मला उंदीर सांगतोस?”

मला एरवी पटकन राग येतो. त्या दिवशी यायला जागाच सापडली नाही.

शमिकाने तिथूनच सगळं सांगितलं, किती अंतर, किती दिवस. अनघाने आपल्या डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, येताजाता दारावरून गेलीस त्याने काही होत नाही, आता अंतर ठेव, तिच्याजवळ बसू नकोस. फोन ठेवल्यावर अनघाने खाली पडलेल्या लाडवांकडे पाहिलं. “चांगले होते गं.”

शमिका हसली. डोसनंतर पहिल्यांदा. काकू नाही हसल्या.

“दिवस पूर्ण होईपर्यंत राहा. अनघा जिन्याच्या बाजूला चालेल,” त्या म्हणाल्या. मी वाटी पुढे केली. “ती राहू दे तुमच्याकडेच.” आणि दार लावलं.

परत

दिवस भरले, डॉक्टरांनी होकार दिला, शमिका लालबागला गेली. या वेळी टॅक्सीत मधोमध बसून. निघताना मला म्हणाली, “सांगायलाच हवं होतं, पहिल्याच दिवशी. पण ते मी सांगायचं होतं. माझं अंग आहे ते.” पुढे आठवडाभर फोन नाही. (ही पोस्ट तिला वाचायला देऊन, तिने हो म्हटल्यावर टाकतोय.)

वाटी आमच्या घरी फडताळात होती. बुडाला केळकरांचं नाव कोरलेलं. आई रोज विचारायची, ही कुणाची, परत का देत नाहीस. काय घालून देणार होतो? आणि घेणार कोण?

काल मेसेज आला. शमिकाचा. “उद्या लालबागला ये. काकूंची वाटी घेऊन ये. रिकामी आण.”